जवसाचा दोरा

सातारा

चि. मुक्ता हिस,



‘लाइन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका एक शब्द कोणता, असं तू विचारलं आहेस. तसा शब्द नाही आणि तो शोधत बसू नकोस. उत्तर एवढंच आहे. पण दोन वाक्यांसाठी पाकीट चिकटवलं तर तुझी आजी म्हणेल, रिटायर झाल्यापासून आता शब्दही वाचवायला लागलात का? शिवाय उभी नोकरी रेल्वेत काढल्यामुळे या शब्दाशी माझी ओळख तुझ्यापेक्षा जुनी आहे. तेव्हा सविस्तर लिहितो, सवडीनं वाच.

तू पाठवलेल्या सबटायटल्सच्या यादीतलं पहिलंच वाक्य घे. कचेरीतली बाई फोनवर ‘होल्ड द लाइन’ म्हणते आणि यंत्रानं त्याचं ‘रेषा धरा’ करून ठेवलंय. यादीत पुढे ऐन धुमश्चक्रीत एक सरदार तेच शब्द आपल्या शिपायांना ओरडून सांगतो. तिथेही ‘रेषा धरा’. यंत्राला हसू नकोस. पहिल्या ठिकाणी तार आहे आणि दुसऱ्या ठिकाणी माणसं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईला म्हणायचंय, ‘फोन ठेवू नका हं’. सरदाराला म्हणायचंय, ‘फळी फुटू देऊ नका’. लढाईतल्या माणसांच्या अशा रांगेला आपण फळी म्हणतो. तीच फळी क्रिकेटात मधली फळी होऊन गडगडते आणि फुटबॉलात बचावफळी म्हणून उभी राहते. शब्द बहुतेक वेळा हाताशीच असतो; तिथे काय चाललंय ते आधी बघावं लागतं.

आता या शब्दाचं मूळ सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम हलकं होतं. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. आपण जवसाची चटणी करतो, तेल काढतो. युरोपात त्याच झाडाच्या खोडातला तंतू काढून दोरा वळत आणि कापड विणत. त्या दोऱ्याचं नाव ‘लिनिआ’. त्याचीच लाइन झाली. कापडाचं नाव लिनन, बियांचं लिन्सीड, आणि फरशीवर अंथरतात ते जवसाच्या तेलाचं लिनोलियम. जवस टिपणारा एक छोटा पक्षी आहे, त्यालाही तिकडे लिनेट म्हणतात. कोटाच्या आतून लिननचं कापड लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. हे शेवटचं नीट लक्षात ठेव, कारण आपल्याकडे दुकानात ‘लायनिंगचा शर्ट दाखवा’ म्हटलं की दुकानदार उभ्या रेघांचा शर्ट काढतो, आणि हाच शब्द ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना सांगितला की त्या अस्तर लावून देतात. दोघांचंही काही चुकत नाही.

म्हणजे मुळात हा एक दोरा आहे. दोरा काय काय करतो ते बघ. ताणला की सरळ होतो. दोन टोकांना बांधला की त्यांना जोडतो. मधून आडवा घेतला की इकडचं आणि तिकडचं वेगळं करतो. त्यात मणी ओवले की ते एकामागे एक बसतात. इंग्रजीतले लाइनचे बहुतेक अर्थ या चार गोष्टींतून फुटलेत. गवंडी भिंत उचलताना दोन टोकांना खिळे ठोकून मधे दोरी ताणतो, तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. विटेची कड त्या दोरीशी जुळली पाहिजे, पण तिनं दोरीला ढकलता कामा नये. उभ्या बाजूला ओळंबा. या दोन दोऱ्यांवर अख्खं घर उभं राहतं. लाइन या शब्दाचा पहिला अर्थ बघायचा असेल तर कोश बाजूला ठेव आणि कोपऱ्यावरच्या बांधकामावर सकाळच्या वेळी पाच मिनिटं जाऊन उभी राहा.

आणि गंमत अशी की हाच प्रवास आपल्याकडेही झालाय, फक्त जवसाऐवजी कापसाच्या धाग्यावरून. संस्कृतातलं ‘सूत्र’ म्हणजे दोरा. सूत्र धरून लाकूड आखणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच पुढे सुतार झाला. नाटकातला सूत्रधार वेगळा, पण दोरा तोच. पाणिनीची सूत्रं, गणितातली सूत्रं, समारंभाचं सूत्रसंचालन, नव्या अधिकाऱ्यानं हाती घेतलेली सूत्रं, आणि ‘विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ म्हणून वर्तमानपत्रात रोज येणारी ती बिनचेहऱ्याची सूत्रं. सूत घे. दोघांचं सूत जमतं, कुणी सुतावरून स्वर्ग गाठतो, आणि मास्तर पोराला म्हणतात, ‘थांब, तुला सुतासारखा सरळ करतो.’ तेच मास्तर चिडले की ‘लाइनवर आणतो’ही म्हणतात. कुणाचं बघून कुणी केलं नाही. दोन्हीकडे माणसानं दोरा ताणून पाहिला आणि त्याला सरळपणा दिसला. त्यामुळे लाइन हा शब्द परका वाटून घाबरायचं कारण नाही. त्याचा दूरचा भाऊ आपल्या घरात आधीपासून राहतो.

माणसांना ओवून बसवलेली लाइन आपण इंग्रजांच्या फौजेकडून उचलली. छावणीत शिपायांच्या झोपड्या रांगेनं असत, त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणत. चर्चगेटनंतर पहिलंच स्टेशन येतं त्या मरीन लाइन्सचं नाव असंच मरीन बटालियनच्या वस्तीवरून पडलंय. समुद्राच्या कडेची रेषा असा अर्थ करू नकोस, बरेचजण करतात. पोलीस लाइन गावोगावी आहे. लष्कराबाहेरच्या साहेबलोकांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स, नागपूरला अजून त्याच नावानं ओळखली जाते. आज तिथे बंगले एका रांगेत आहेत की नाहीत याचा कुणी विचार करत नाही. वस्ती बदलली तरी नाव तिथेच राहिलं.

मुंबईत तर लाइन म्हणजे माणसाचा पत्ता. ‘कुठल्या लाइनला राहता?’ असं विचारलं की वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर यातलं एक सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला तुझ्या घराचं भाडं, तुझी गर्दीची सवय आणि रविवारच्या मेगाब्लॉकबद्दलचं तुझं मत, सगळं एकदम कळतं.

आता माझ्या खात्यातलं. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. समोरासमोर दोन आल्या तर काय होईल ते सांगायला नको. त्यासाठी दोन्ही स्टेशनमास्तरांच्या खोलीत एकेक पेटीवजा यंत्र असे, नील्स टोकन इन्स्ट्रुमेंट. आत मुठीत मावतील असे धातूचे गोळे. मी घंटीच्या ठरावीक ठोक्यांनी पलीकडच्या मास्तरांचं लक्ष वेधायचं, फोनवर गाडीचा नंबर सांगून ‘लाइन क्लिअर’ मागायची. आधीची गाडी पुरी आत आली आहे याची त्यांनी खात्री करायची आणि मग तिकडून संमती द्यायची. ती आली की माझ्या यंत्राचा दांडा फिरे आणि खण्णकन एक गोळा खाली पडे. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि ते कडं हात उंच करून फलाटावर उभा राहिलेला पॉइंट्समन. न थांबणारी गाडी असली तर इंजिनातला माणूस बाहेर झुकून ते कडं हाताच्या कोपरात झेलायचा आणि मागच्या स्टेशनचं कडं खाली टाकायचा. रात्री पावसात हे बघताना भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा. तो एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघायचा नाही. सगळी अक्कल त्या एवढ्या गोष्टीत होती.

तर या ‘लाइन क्लिअर’मध्ये लाइन म्हणजे काय? रूळ म्हणावं तर ते रात्रंदिवस तिथेच पडलेले असतात. रांग नाही, रेघ नाही. पुढचा टापू मोकळा आहे आणि त्यात शिरायचा हक्क आता या गाडीचा, अशी दोन माणसांनी एकमेकांना दिलेली ती हमी. तुला हे कुठे भाषांतरायला लागलं तर ‘मार्ग मोकळा’ म्हणून सुटका होईल, पण आमच्या खात्यात कुणी तसं म्हणत नसे. आम्ही लाइन क्लिअर मागायचो, द्यायचो आणि घ्यायचो. पुढे कॉलेजातल्या पोरांनी हा शब्द कुठे नेला ते तुला माझ्याहून जास्त माहीत असणार. ‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’ यांचा उगम मला विचारू नकोस. मात्र मारणारा एक आणि देणारी दुसरी, असा जो कामाचा वाटा आपल्या भाषेनं पाडलाय, तो कुठल्याही साहेबाच्या कोशात सापडायचा नाही.

दोऱ्याचं तिसरं काम, मधून आडवं जाण्याचं, ते मात्र हसण्यासारखं नाही. ‘डेडलाइन’ हा शब्द तुम्ही मुलं दिवसातून दहा वेळा उच्चारता. अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेकडच्यांनी १८६४ मध्ये युद्धकैद्यांचा तळ उभारला. भोवती उंच लाकडी कोट, आणि त्याच्या आत थोड्या अंतरावर एक बुटका लाकडी कठडा. त्याच्यापलीकडे पाय टाकला की मनोऱ्यावरचा पहारेकरी गोळी घालणार. त्याचं नाव ‘डेड लाइन’. त्या तळावर आणलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकी १३,००० च्या आसपास मेले, बहुतेक उपासमारीनं आणि रोगराईनं. तळावरचा अधिकारी हेन्री वर्झ याला १८६५ मध्ये फाशी झाली. विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी उचलला. आता ‘उद्या डेडलाइन आहे’ म्हणताना कुणाला तो कठडा आठवत नाही, आणि आठवावा असंही मी म्हणत नाही. मराठीत ‘मुदत’ हा बिचारा निरुपद्रवी शब्द असताना आपण हा का घेतला, एवढंच मला कळत नाही.

सीमेच्या लाइनींना माणसांची नावं देण्याची साहेबाला फार हौस. १८९३ ची ड्युरंड, १९१४ ची मॅकमहॉन. आणि रॅडक्लिफ. सिरिल रॅडक्लिफ हा लंडनचा वकील ८ जुलै १९४७ रोजी भारतात आला. त्याआधी त्यानं हा देश पाहिलाही नव्हता. पाचेक आठवड्यांत त्यानं नकाशावर पंजाब आणि बंगाल चिरले. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. तोवर कित्येक गावांना आपण कुठल्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हतं. अशा लाइनीला मराठीत ‘रेषा’च म्हणायचं: नियंत्रण रेषा, ताबारेषा. इथे ‘ओळ’ चालत नाही.

दिसत नाही तरी माणसाचं नशीब ठरवते अशी आणखी एक रेषा आपल्या पुण्यात घडली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या गोखले संस्थेतल्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हिशेब मांडला की माणशी रोज २२५० उष्मांक पोटात जायला किमान किती खर्च लागतो, आणि तेवढाही ज्यांना करता येत नाही अशी माणसं देशात किती. त्यातून दारिद्र्यरेषेची चर्चा घरोघरी पोचली. ही रेषा कुणी जमिनीवर आखलेली नाही, पण रेशनकार्ड पिवळं की केशरी हे तिच्यावर ठरू लागलं. तू कधी तहसील कचेरीत गेलीस तर ऐक, बाया ‘आमी रेषेखालचे’ म्हणतात. दारिद्र्य हा शब्द त्यांनी कधीच गाळून टाकलाय.

आता तुझ्या मूळ अडचणीकडे. इंग्रजी एकाच लाइनीवर भागवते तिथे मराठी भांडी वेगवेगळी काढते. वहीत छापलेल्या त्या रेघा, त्यांच्यावर लिहिलेल्या त्या ओळी. भूमितीत रेषा. तळहातावरही रेषाच, पण कपाळावर आठ्या. बसथांब्यावर रांग, जेवायला पंगत, विजेची तार, कपडे वाळत घालायची वलणी, गळाला लावायचा तंगूस, नटाला पाठ नसलेलं वाक्य. गोलंदाजाची ‘लाइन अँड लेंथ’ मराठी समालोचनात ‘दिशा आणि टप्पा’ झाली, आणि मला ती मुळाहून सरस वाटते. ‘ड्रॉ द लाइन’ आलं की लक्ष्मणरेषा हजर आहे. ‘ड्रॉप मी अ लाइन’ला साहेबाला एक ओळ पुरते, आपण ‘चार ओळी खरड’ म्हणतो. ‘इन द लाइन ऑफ ड्यूटी’मध्ये लाइन शोधायचीच नाही, ‘कर्तव्य बजावताना’ म्हणून मोकळं व्हायचं. आणि कित्येक ठिकाणी लाइनला लाइनच राहू द्यायचं. ‘पोरानं सायन्सची लाइन घेतली’ हे वाक्य बदलायला जाशील तर विचका होईल. लाइट गेल्यावर आपण लाइनमनलाच शोधतो. खांबावर चढलेल्या त्या माणसाला ‘तारतंत्री’ म्हणून हाक मारलीस तर तो उतरायचा नाही.

एवढ्यावरून ‘बघा, आपली भाषा किती श्रीमंत’ असा सूर लावू नकोस. तो सूर मला आवडत नाही आणि खराही नाही. आपलं ‘लागणे’ घे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, दम लागतो. नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं. डोळा लागतो म्हणजे झोप येते. दिवे लागतात, वेळ लागतो, पैसे लागतात. पोरगं बोलू लागतं. आंब्याला पाड लागतो आणि गोड बोलणाऱ्याचा लळा. ‘तो तुझा कोण लागतो?’ यातल्या लागण्याला कुणालाही हात लावावा लागत नाही. एखाद्या इंग्रज पोरीनं आपल्या आजोबांना ‘लागणेला नेमका एक शब्द सांगा’ म्हणून पत्र पाठवलं तर ते काय करतील बिचारे? आणि त्यांच्याकडेही असे शब्द आहेतच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ दिलेत, नुसती ती नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची. पुढच्या आवृत्तीसाठी ‘रन’चं काम हाती घेतलं तर त्याचे ६४५ भरले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाचे महिनेच्या महिने त्यात गेले. साधे, आखूड, रोजच्या वापरातले शब्दच असे पसरतात. ‘लोकोमोटिव्ह’चे अर्थ मोजकेच असतात, कारण त्याला कुणी रोज हाताळत नाही.

जे. आर. फर्थ नावाचा एक भाषाशास्त्रज्ञ होता. तरुणपणी, १९१९ ते १९२८, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शब्द कुणाच्या संगतीत वावरतो त्यावरून तो ओळखावा. आमच्या आईला फर्थ माहीत नव्हता, पण पोरांबद्दल तिचंही हेच मत होतं. तुझ्या कामात हे रोज उपयोगी पडेल. लाइनीच्या आधी ‘ऑन’ आहे की ‘इन’, पुढे ‘ऑफ’ आहे का, मागे क्रियापद कुठलं, बोलणारा फोनवर आहे की फळीत, हे पाहिल्याशिवाय पेन उचलू नकोस. शब्दार्थाच्या त्या दोन रकान्यांच्या याद्या, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, त्या परीक्षेपुरत्या ठीक. कामाला लागलेल्या माणसाला त्या बुडवतात.

एक वही कर. त्यात सुटा शब्द उतरवू नकोस. अख्खं वाक्य उतरव आणि कोण, कुणाला, कुठे म्हणालं तेही शेजारी लिही. भाजीवाल्याचं वाक्य असलं तरी चालेल, नव्हे, तेच जास्त चालेल. आणि यादीतली उरलेली वाक्यं मला पाठव, पण अशी एकेकटी नकोत. प्रत्येकाच्या आधीची दोन आणि नंतरची दोन जोडून पाठव. त्याशिवाय मला काहीही सांगता यायचं नाही.

तुझा,
आबा